हद्दीबाहेरचे आप्पा

आप्पा हे एका माणसाचं नाव नाही. परभणी जिल्ह्यात पाथरीपासून पालमपर्यंत कोणत्याही शिवारात उभं राहून "ओ आप्पा" अशी हाक मारा, तीन धुऱ्यांवरून तीन माणसं वळून बघतील. जमीन काळी, कसदार. बाप गेला की तिच्या वाटण्या होतात, वाटण्या झाल्या की धुरे वाढतात, आणि धुरे वाढले की आप्पा वाढतात. हे पीक कोरडवाहूत येतं. बागायतीत दुबार येतं.

ओळखायला सोपे. साठीच्या पुढचं वय, पांढरा पायजमा, खांद्यावर रुमाल आणि बंडीच्या आतल्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला सातबारा. आप्पा तंबाखू काढायला खिशात हात घालतात तेव्हा आधी सातबारा बाहेर येतो, मग चतुःसीमा निघतात, आणि तंबाखू निघेस्तोवर समोरच्याची तलफ गेलेली असते. अर्ध्या गावाच्या चतुःसीमा त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या नातवंडांची नावं मात्र थोरल्यापासून क्रमानं घ्यावी लागतात, मधूनच एक विचारलं तर अडतात. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आमच्याकडं ऊठसूट कोणीही म्हणतं. आप्पाही म्हणतात, फक्त पुढं जोडतात, "पण एकदा मोजणी झाली पायजे."

आप्पांचं सगळं तत्त्वज्ञान दोन वाक्यांत मावतं. एक, "हे आपल्या हद्दीत येतं." दुसरं, "ते आपल्या हद्दीत येत न्हाई." पहिलं वाक्य आवाज चढवून म्हणायचं, दुसरं अंग काढून. कोणतं कधी म्हणायचं याची जाण ज्याला आली तो आप्पा झाला. बाकीचे नुसते म्हातारे होतात.

धुऱ्याचंच घ्या. आप्पांच्या आणि शेजारच्या बापूंच्या शेतामध्ये हातभर रुंदीचा धुरा आहे. एके काळी त्यावरून बैलगाडी जायची असं जुनी माणसं सांगतात. दरसाल मृगाआधी नांगरट होते आणि दोन्ही बाजूंचे नांगर धुऱ्यातून एकेक तास जास्तीचं घेतात, म्हणून आता त्यावरून शेळीसुद्धा जपून जाते. या हातभर मातीसाठी दोघांनी मोजणी आणली, हद्दीचा दगड रोवला, तो एका रात्रीत चार बोटं सरकला, पुन्हा मोजणी आणली. ज्येष्ठात आप्पांना विचारा, धुरा कोणाचा? "आमचा. आजानं बांधलेला. त्यातलं ढेकूळसुद्धा बापूचं न्हाई."

मग पाऊस पडतो. श्रावण लागेपर्यंत त्या धुऱ्यावर गाजरगवत कमरेएवढं होतं, पांढरी बारीक फुलं धरतं, आणि धुऱ्याची मालकी आपोआप बदलते.

"बापू, धुऱ्यावर गवत माजलं."

"मंग काढा की आप्पा."

"मी काऊन काढू? धुरा कोणाचा?"

"जूनमधी तर तुमचा होता."

"जूनमधी मातीचा विषय होता. आता गवताचा हाय."

बापूही काही कमी नाहीत. तेही त्यांच्या बाजूचे आप्पाच. त्यामुळं गाजरगवत दोघांच्या मधोमध, दोघांच्याही हद्दीबाहेर, निर्धास्त उभं असतं. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं, असं कृषिसहायक दरवर्षी सांगून जातो. फुलं धरायच्या आत मुळासकट उपटा, हेही सांगतो. आप्पा मान डोलावतात. हे बापूनं ऐकायला पाहिजे होतं, असं त्यांचं प्रामाणिक मत असतं.

गवत उपटायला जेवढी ताकद लागली असती तेवढी सगळी आप्पा ते कुठून आलं हे सांगण्यात घालवतात. हा त्यांचा आवडता प्रांत. चारचौघं धुऱ्यावर टेकले की आप्पा त्याच गाजरगवतात उभे राहून, मानेची खाज रुमालानं पुसत सुरू होतात. "हे आपलं गवतच न्हाई. अमेरिकेचं हाय. गव्हातून आलं." यात फार चूक नाही. मूळ मेक्सिको आणि त्याच्या आसपासचं हे झाड 1950 च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात नजरेस आलं, आणि मग पीएल 480 च्या करारानं आलेल्या अमेरिकी गव्हाबरोबर त्याचं बी देशभर गेलं असं सर्रास मानलं जातं. काँग्रेस गवत हे नाव त्या दिवसांतलं. आप्पा मात्र ही हकीकत जहाजाच्या डेकवर हजर असल्यासारखी सांगतात. गोणी कुठं फाटली, बी कोणत्या रेल्वेनं मनमाडहून पूर्णा जंक्शनला उतरलं, तिथून कोणत्या मालगाडीनं आपल्या शिवारात आलं, सगळं. बी गाडीतून उतरलं ते थेट बापूंच्या बाजूला, एवढंच त्यांनी ठरवून ठेवलेलं आहे.

"बाहेरचं ते बाहेरचं," आप्पा म्हणतात. "त्याला आपल्या मातीत थारा द्यायचा न्हाई." आणि भाकरीवर ठेचा घेतात. ठेच्यातली मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आणलेली. वर घातलेलं भुईमुगाचं कूट, तेही तिकडचंच. शेजारच्या वाफ्यातलं टोमॅटो, बांधावरचा पेरू, आखाड्यामागचं सीताफळ, रानातला मका, आणि ज्या पांढऱ्या सोन्यावर आप्पांनी मुलीचं लग्न केलं त्या कापसाचं आजोळसुद्धा मेक्सिकोकडं. एवढंच कशाला, आप्पांच्या तळहातावर चुन्याबरोबर मळली जाणारी तंबाखूही तिकडूनच आलेली. एका कृषी पदवीधर पोरानं हे त्यांना एकदा सगळं ऐकवलं. आप्पा शांतपणे ऐकून म्हणाले, "ते पिकतं मनून आपलं. उगवतं ते बाहेरचं." पदवीधर त्यानंतर वाद घालत नाही.

परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. 1972 साली ते मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून सुरू झालं, वसंतरावांचं नाव 2013 साली लागलं. आप्पा त्याला अजून "युनिव्हर्सिटी" एवढंच म्हणतात आणि तिथला प्रत्येक डॉक्टर आपल्या ओळखीचा असल्याचं सांगतात. गाजरगवतावर जगणारा एक भुंगा मेक्सिकोतून 1983 साली बंगळुरूला आणला गेला आणि पुढच्या साली मोकळा सोडला गेला. सूर्यफुलावरही बसतो म्हणून मधे कर्नाटकात त्याच्याविरुद्ध ओरड झाली, चौकशी झाली, आणि त्याचं पोट खरं गाजरगवतानंच भरतं असं निघालं. आमच्या विद्यापीठातही हे मेक्सिकन भुंगे वाढवून शेतकऱ्यांना दिले गेले. आप्पांनी ऐकलं आणि मोटारसायकलवर मागं बसून जाऊन भोकं पाडलेल्या बरणीत पानांसकट भुंगे घेऊन आले.

भुंगा दिसायला देखणा. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी वेलबुट्टी. आप्पांनी बरणी धुऱ्यावर, पण काटेकोरपणे आपल्या बाजूला, उघडली. भुंग्यांनी चार दिवस आप्पांच्या बाजूची पानं खाल्ली, शेंडे बोडके केले, अंडी घातली आणि पुढं सरकले. भुंगे हे आप्पांच्या तत्त्वज्ञानात वाढलेले नसल्यानं त्यांना हद्दीचा दगड दिसला नाही.

दुसऱ्या आठवड्यात आप्पा बापूंच्या आखाड्यावर उभे.

"बापू, माझे भुंगे तुमच्या हद्दीत चरायलेत."

"मंग? माझं गवतच खायलेत की."

"फुकट खायलेत. पेट्रोल कोणाचं गेलं?"

"न्या मंग पकडून."

आप्पा बरणी घेऊन खरंच गेले होते. त्या वर्षी शिवारात पहिल्यांदा कोणीतरी गाजरगवत आमचं आहे असं म्हणालं. बापू म्हणाले, ते भुंगे परत द्यायला लागू नयेत म्हणून. थंडी पडली तसे भुंगे जमिनीत गेले, आणि नेमके कोणाच्या जमिनीत गेले हा प्रश्न पुढच्या पावसापर्यंत लांबणीवर पडला.

पण गाजरगवत ही आप्पांची किरकोळ उलाढाल. त्यांची खरी कारकीर्द पाण्याकाठची. ते प्रकरण बेशरमाचं.

जायकवाडीची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी केली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं, आणि पैठणहून निघालेला 208 किलोमीटरचा डावा कालवा संभाजीनगर, जालना करत आमच्या जिल्ह्यात आला. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेत. पाणी आलं, ऊस आला, डास आले, आणि काठाकाठानं बेशरम आलं. हेही मूळचं उष्ण अमेरिकेतलं. अंगठ्याएवढी हिरवी-करडी पोकळ काठी, मोडली की पांढरा चीक, लांबट पान आणि बारा महिने फिकट जांभळं कर्ण्याच्या आकाराचं फूल. उन्हाळ्यात नाला आटला तरी जगतं, पुरात गळ्यापर्यंत बुडालं तरी जगतं. तोडून टाकलेल्या काठीच्या पेराला ओल लागली की मुळं सुटतात आणि तोडणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ती नव्यानं संसार मांडते. गुरं तोंड लावत नाहीत. शेळीला दुष्काळात एकदा त्याची चटक लागली तर ती झुरत जाते, लटपटते आणि शेवटी हातची जाते.

मग असलं झाड लोकांनी ठेवलं कशाला? कुंपणाला. तार लागत नाही, पाणी घालावं लागत नाही, जनावर खात नाही. काठ्या खोचल्या की झालं. आप्पांच्या आखाड्यालाही बेशरमाचंच कुंपण आहे, दाट आणि निगुतीनं राखलेलं. दर वैशाखात आप्पा ते इळ्यानं छाटून नीट डोक्यावर आणतात. छाटलेल्या काठ्या कुठं टाकतात? कुंपणापलीकडं. कुंपणापलीकडं काय आहे? चारी. चारी कोणाची?

"सरकारची. ती आपल्या हद्दीत येत न्हाई."

मग पाळी सुटते. कालव्याचं पाणी चारीत शिरतं, आप्पांच्या काठ्या पाण्यावर तरंगत खाली जातात, वळणावर अडकतात, गाळ धरतात, मुळं सोडतात. गाळात आणखी काठ्या, काठ्यांत प्लास्टिकच्या पिशव्या, युरियाची रिकामी गोणी, पोळ्याच्या झुलीचा फाटका तुकडा. पाणी तिथं फुगतं, कड फोडून कोणाच्या तरी तुरीत घुसतं, आणि शेवटच्या टोकाला चारीत नुसता चिखल पोचतो. टोकाच्या कास्तकारांचा हरभरा वाळतो. ते वरच्यांच्या नावानं बोटं मोडतात.

आता यातली गंमत अशी, की आप्पांची एक जमीन चारीच्या तोंडाशी आहे आणि दुसरी, मामाकडून आलेली, शेवटच्या टोकाला. त्यामुळं ते एकाच वेळी वरचेही आहेत आणि खालचेही. पाणीवापर संस्थेच्या बैठकीत वरच्या लोकांनी "खालचे लोक रात्री येऊन आमचं पाणी फोडतात" असा अर्ज दिला, त्यावर आप्पांची सही होती. त्याच बैठकीत खालच्यांनी "वरचे लोक चारी तुंबवून ठेवतात" असा अर्ज दिला, त्यावरही आप्पांची सही होती, पहिल्यापेक्षा ठसठशीत. सचिवानं दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, "आप्पा, हे काय?" आप्पा म्हणाले, "गट नंबर बघा. दोन येगळे हायेत."

आप्पांचा एक भाचा अमेरिकेत असतो, मिशिगनला. तो रविवारी फोन करतो. आप्पांनी त्याला बजावलं की तुमच्या देशातून आलेल्या तणानं इथं आम्ही हैराण आहोत, तिकडं कोणाच्या कानावर घाल. भाचा हसला. म्हणाला, मामा, इथंही तेच रडगाणं आहे. मिशिगन, विस्कॉन्सिनच्या पाणथळींत, नाल्यांच्या काठांनी आणि ओल्या रानांत युरोपातून आलेलं एक काटेरी झाड पसरलंय, आपल्या उंटकटाऱ्याच्या नात्यातलं. जांभळी फुलं, माणसापेक्षा उंच, अंगभर काटे, आणि वाऱ्यावर उडणारं बी. इथले लोक युरोपच्या नावानं ओरडतात. आप्पांना हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे अमेरिकेतसुद्धा तण शेजारूनच येतं. त्यांनी लगेच विचारलं, "मंग काढतं कोण?" भाचा म्हणाला, "सरकारचे लोक काढतात, हौशी लोक रविवारी हातमोजे घालून जातात, आणि ज्याच्या रानात आहे त्यानं काढावं असं सगळेच म्हणतात." आप्पांनी पहिल्या दोन गोष्टी गावभर सांगितल्या.

एकदा आप्पांना वाटलं, आता कायदाच पाहिजे. गावातल्या निवृत्त गुरुजींनी त्यांना सांगितलं, आप्पा, असा कायदा होऊन गेलाय. आज नांदेडला गोदावरीत माजते ती जलपर्णी बंगालात इतकी माजली होती की नदी-नाल्यांतून होड्या चालेनात, भातखाचरं बुडाली. 1936 साली तिथं जलपर्णीचा कायदा झाला. 1937 च्या निवडणुकीत तर पक्षांनी जाहीरनाम्यात जलपर्णी हटवायचं वचन दिलं. आप्पांचे डोळे चमकले. "बघा! तण काढू मनून मतं मागितली. ह्याला मनतात राजकारण. आन कायद्यात काय होतं?"

"आपल्या जागेत जलपर्णी ठेवायला बंदी. आणि काढायच्या कामाला लोकांनीही हात लावायचा."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इंग्रजाचं राज्य होतं ते. जुलमी."

कायद्याचा नाद सुटल्यावर आप्पांनी आंदोलनाचा घेतला. मराठवाड्यात ही एक रुळलेली रीत आहे. रस्त्यात खड्डा पडला, की त्यात बेशरमाचं झाड लावायचं; साहेब कामं करीत नाही, की त्याच्या टेबलावर बेशरमाची जुडी ठेवायची; फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. टोकाला पाणी पोचत नाही, चारी बेशरमानं तुंबली, याच्या निषेधार्थ कचेरीवर बेशरम घेऊन जायचं ठरलं. नेतृत्व अर्थातच आप्पांचं, टोकाच्या गट नंबरावरून. बेशरम आणायचं कुठून, हा प्रश्न कोणाला पडला नाही. वरच्या गट नंबरावरच्या कुंपणातून पाच मोळ्या निघाल्या.

कचेरीत साहेब नव्हते, दौऱ्यावर होते. आंदोलकांनी रिकाम्या खुर्चीला हार घातला, टेबलावर मोळ्या रचल्या, घोषणा दिल्या. आप्पांनी निवेदन वाचून दाखवलं. त्यात "सदर तणाचा तात्काळ नायनाट करण्यात यावा" हे वाक्य तीन वेळा होतं. लिपिकानं पोच दिली, शिक्का मारला. आप्पांनी पोच सातबाऱ्याच्या घडीत ठेवली. मंडळी समोरच्या टपरीवर चहा घेऊन पांगली.

शिपायानं संध्याकाळी मोळ्या उचलल्या आणि कचेरीच्या मागं, जिथं पाण्याच्या टाकीचं सांडपाणी जमतं, तिथं नेऊन टाकल्या. पुढचं सांगायला नको. एका पावसाळ्यात कचेरीच्या मागची भिंत जांभळ्या फुलांनी झाकून गेली. दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीतून एक फांदी आत येऊन जुन्या फायलींवर टेकली. सोबत डास, आणि डासांमागून एका लिपिकाला डेंग्यू. मग कचेरीत फाईल निघाली. ही झाडं काढायची कोणी? इमारत एका खात्याची, आवार दुसऱ्या खात्याचं, सांडपाणी नगरपालिकेचं, आणि झाड आंदोलनकर्त्यांचं. प्रत्येक टेबलावरून फाईल एकेक ओळ घेऊन पुढं सरकली. ओळ एकच, सही तेवढी वेगळी: "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही."

आप्पा नोकरीतही असतात, एवढाच याचा अर्थ. तिथं त्यांना धुऱ्याऐवजी टेबल मिळतं आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणं पगार मिळतो.

शेवटी आप्पांनाच पत्र आलं. आपण आणून टाकलेली वनस्पती आपण स्वखर्चानं काढून न्यावी. सरकारचं पत्र आपल्या नावानं आलं याचा आप्पांना आधी आनंद झाला. त्यांनी ते पारावर मोठ्यानं वाचलं. मग उत्तर लिहवून घेतलं: "आम्ही फक्त तोडलेल्या काठ्या सादर केल्या होत्या. त्या आपल्या आवारात उगवल्या यास आपली जमीन जबाबदार आहे. तरी सदर जागेची मोजणी करून मिळावी." या उत्तराला अजून उत्तर नाही. कचेरीत कोणीतरी ते वाचून आदरानं बाजूला ठेवलं असावं.

चारीचं काम मात्र झालं. कागदानं नाही, बायकांनी केलं. टोकाकडच्या कास्तकारांनी एकरामागं वर्गणी काढली आणि बचत गटाच्या बायकांना चारी उक्ती दिली. आप्पांनी टोकाच्या गट नंबराची वर्गणी दिली, तोंडाच्या गट नंबराची मागितली तेव्हा म्हणाले, "तिकडं मला पाणी पोचतं. मी काऊन देऊ?"

परतीचा पाऊस उघडला, चारीतली ओल जरा बसली, तशा वीसेक बाया इळे, कुदळी, टोपली घेऊन आल्या. गटाच्या मावशींनी एक गोष्ट आधीच ठरवली होती. काम तोंडाकडून सुरू करायचं. खालून काढत आलं तर वरची काठी वाहून पुन्हा खाली येते, आणि टोकापर्यंत साफ केलेली चारी पुढच्या पाळीत परत भरते. गेल्या दोन वेळा चारी मशीननं काढली होती तेव्हा तसंच झालं होतं. मशीननं काठ्या मोडून कडेलाच ढीग घातले, आणि ढिगांना मुळं फुटली. मावशींनी कामाची पद्धत बदलली. आधी कुदळीनं बुंध्याभोवतीचा गाळ सैल करायचा, दोघींनी मिळून खोड हलवून मुळासकट ओढायचं, तुटलेलं पेर हातानं वेचायचं. मग सगळं टोपल्यांतून वर, पाण्यापासून लांब, मुरमाड टेकाडावर नेऊन पातळ पसरायचं, मुळं आभाळाकडं करून. तिथं ऊन खाऊन पार वाळलं की त्याचा जीव जातो. एका पोरीनं काठीचं बोटभर तुकडं कडेला टाकलं तर मावशींनी तिला ते परत उचलायला लावलं.

दुपारपर्यंत आप्पांच्या आखाड्यापर्यंत चारी मोकळी झाली. तळाची काळी माती दिसायला लागली, एका खेकड्यानं बीळ बदललं. आप्पा कडेला उभे राहून सूचना देत होते. "इथपर्यंत सरकारी. ह्या दगडापासून पुढं माझं. कुंपणाला हात लावायचा न्हाई."

मावशींनी कुंपणाकडं बघितलं. चारीच्या बाजूनं वाकलेल्या काठ्या कडेच्या ओल्या मातीला टेकल्या होत्या आणि टेकल्या तिथं त्यांना मुळं फुटली होती.

"आप्पा, ह्या आलेल्या कुणाच्या?"

"कुंपणाच्या आतल्या माझ्या."

"आन बाहेरच्या?"

"बाहेर गेलं की आपली हद्द संपते."

"मंग बाहेरच्या आम्ही काढतो." मावशींनी इळा मागितला आणि कुंपणाबाहेर आलेली एकेक काठी दगडाच्या रेषेवर सरळ कापत, मुळं उपटत निघाल्या. आप्पांना आक्षेप घ्यायला जागा राहिली नाही; हद्द त्यांनीच आखून दिलेली होती. मागं लागत-लागत ते चारीच्या काठावर, बापूंच्या धुऱ्यापाशी येऊन उभे राहिले आणि शेवटचा मुद्दा काढला, की काठीचा बुंधा आत असेल तर शेंड्यावर मालकी कोणाची, याचा एकदा खुलासा व्हायला हवा.

"खुलासा होईल," मावशी म्हणाल्या. "आधी पाय उचला. तुमच्या पायाखाली एक फुटलंय."

आप्पांनी खाली बघितलं. चपलेशेजारून दोन पानांचा कोवळा शेंडा वर आला होता. त्यांनी वाकून हद्दीचा दगड बघितला, नजरेनं रेष धरली, पाय उचलला आणि बापूंच्या बाजूला ठेवला.